मॉरिशसचे रस्ते आणि त्यांवरून चालण्याचा हक्क



आजचा विषय मॉरिशस बेटाचा प्रवास हा आहे. आपल्याकडून अलीकडे पुष्कळ मंडळी तिकडे जाऊन येतात आणि आल्यावर समुद्राच्या निळ्या रंगाचे वर्णन करतात. ते वर्णन खोटे नाही. मीही तो समुद्र पाहिला आहे. परंतु मी आयुष्यभर मोटार वाहतुकीच्या कामगारांत वावरलेला माणूस. मला खिडकीबाहेरच्या समुद्राआधी चाकाखालचा रस्ता दिसतो. हा रस्ता कोणी बांधला? त्यावरून कोणाला जाऊ दिले आणि कोणाला अडविले? मॉरिशसच्या बाबतीत या दोन प्रश्नांची उत्तरे शोधीत गेल्यास त्या देशाचा बहुतेक इतिहास हाती लागतो. तेवढाच आज आपल्यापुढे मांडणार आहे.

प्रथम बेटाची ओळख करून घेऊ. मुख्य बेटाचे क्षेत्रफळ सुमारे १,८६५ चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईच्या साधारण तिप्पट. उत्तर-दक्षिण लांबी सुमारे ६५ किलोमीटर आणि रुंदी सुमारे ४५. विमानतळ आग्नेयेला प्लेझाँस येथे आहे. तिथून निघालेला हमरस्ता मधल्या पठारावर चढतो, क्युरपिपच्या बाजूने पलीकडे उतरून पोर्ट लुई या राजधानीस पोहोचतो आणि पुढे उत्तरेच्या किनाऱ्याकडे जातो. वाहने आपल्यासारखीच रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. त्यामुळे आपल्यापैकी कोणी भाड्याची मोटार घेतली तरी फारशी अडचण पडत नाही. बसने जाणाऱ्यांसाठी मुख्यतः दोन सहली असतात. उत्तरेच्या सहलीत पोर्ट लुई आणि पाँप्लेमूसची जुनी बाग दाखवितात. दक्षिणेच्या सहलीत क्युरपिपजवळचे ज्वालामुखीचे विवर, ग्राँ बासँ हे तळे आणि शामारेलची रंगीत माती. सकाळी निघालेला माणूस बेटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हिंडून रात्रीच्या जेवणाला परत येतो. वाटेत त्याला कोणी अडवीत नाही. ही गोष्ट आपण ध्यानात ठेवावी, कारण पुढचे सारे विवेचन तिच्याभोवती आहे.

या प्रवासात दोन्ही बाजूंना उसाचे फड लागतात, आणि फडांच्या मधोमध काळ्या दगडांच्या मोठमोठ्या राशी दिसतात. काही राशी तर एखाद्या देवळाच्या जोत्यासारख्या नीट रचलेल्या आहेत. नवख्याला त्या कसल्या तरी स्मारकाच्या वाटतात. हे बेट ज्वालामुखीतून वर आलेले. आपल्या सह्याद्रीप्रमाणे तिथेही जमिनीत काळा पत्थर भरलेला. ऊस लावायचा तर आधी दगड वेचून काढला पाहिजे. तो वेचून, पाठीवर वाहून, रचून ठेवणाऱ्या मजुरांच्या हातांची ती खूण आहे. त्या राशींवर कोणाचे नाव नाही.

बेटावर मूळची वस्ती नव्हती. डच लोक १५९८ मध्ये तिथे उतरले आणि आपला राजपुत्र मॉरिस याचे नाव त्यांनी बेटाला दिले. ऊसही त्यांनीच आणला. १७१० मध्ये ते बेट सोडून गेले. १७१५ मध्ये फ्रेंचांनी ते घेतले, आणि १७३५ पासून गव्हर्नर ला बूर्दोने याने पोर्ट लुई बंदर उभारले. बंदर, गोदामे, वाटा हे सर्व काम मुख्यतः मादागास्कर आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून धरून आणलेल्या गुलामांच्या श्रमावर झाले. गुलामांसाठी १७२३ चा फ्रेंच कायदा होता. महिनाभर पळून राहिलेल्या गुलामाचे पहिल्या खेपेस कान कापावेत आणि खांद्यावर डाग द्यावा. दुसऱ्या खेपेस पायाची शीर तोडावी. तिसऱ्या खेपेस देहान्त. शिक्षेचा क्रम पाहा. दुसऱ्या गुन्ह्याला पायच निकामी करावयाचा, म्हणजे पुन्हा चालणे नको. नैर्ऋत्येला समुद्रात घुसलेला ल मोर्न नावाचा उभा डोंगर आहे. पळालेले गुलाम त्याच्या कड्याकपारींत आसरा घेत. आज त्याच्या पायथ्याशी उंची हॉटेले आहेत, आणि २००८ पासून तो डोंगर जागतिक वारशाच्या यादीत आहे.

१८१० च्या डिसेंबरात इंग्रजांनी बेट जिंकले आणि १८१४ च्या तहाने ते त्यांच्याकडे कायम झाले. गुलामांचा व्यापार कायद्याने बंद झालेला होता. रस्त्यांना माणसे हवी होती. तेव्हा हिंदुस्थानातील तुरुंगांकडे त्यांची नजर वळली. १८१५ पासून पुढची सुमारे वीस वर्षे बंगाल आणि मुंबई इलाख्यांतून जन्मठेपेचे कैदी मॉरिशसला पाठविण्यात आले. त्यांची एकूण संख्या दीड हजाराच्या आसपास होती. आपल्याकडे काळे पाणी म्हटले की अंदमान आठवते. परंतु अंदमानची वसाहत १८५८ ची. तिच्या चाळीसहून अधिक वर्षे आधी मुंबई इलाख्यातले कैदी मॉरिशसमध्ये खडी फोडीत होते.

चार्ल्स डार्विन हा शास्त्रज्ञ १८३६ च्या एप्रिल-मे महिन्यांत बीगल जहाजातून पोर्ट लुईला उतरला. त्याच्या प्रवासवृत्तात या कैद्यांचा उल्लेख आहे. त्यांचे भारदस्त चेहरे आणि शांत वागणूक पाहून त्याला नवल वाटले. हिंदुस्थानची माणसे अशी दिसतात याची आपल्याला कल्पना नव्हती, असे तो प्रांजळपणे लिहितो. त्याच वृत्तात तो असेही म्हणतो की, बेटाच्या भरभराटीचे एक मोठे कारण म्हणजे तिथले उत्तम रस्ते. ही दोन निरीक्षणे एकाच माणसाची, एकाच मुक्कामातली आहेत. आपण ती जोडून वाचली पाहिजेत. ज्या रस्त्यांनी बेट श्रीमंत केले, त्यांवर या कैद्यांचा घाम पडला होता.

भरभराट साखरेची होती. १८२५ मध्ये इंग्लंडने मॉरिशसच्या साखरेवरील जकात वेस्ट इंडीजच्या साखरेइतकी खाली आणली, आणि मळेवाल्यांनी दिसेल त्या जमिनीत ऊस लावला. १८३५ च्या १ फेब्रुवारीला गुलामगिरी कायद्याने संपली. साठ हजारांहून अधिक गुलामांच्या बदल्यात सरकारने नुकसानभरपाई म्हणून वीस लाख पौंडांहून अधिक रक्कम मोजली. ती मालकांना मिळाली. गुलामांना एक पैही नाही. मोकळे झालेले लोक पुन्हा मळ्यांत राबायला फारसे तयार नव्हते, आणि ते स्वाभाविक होते. मालकांनी मग हिंदुस्थानातून गिरमिटावर मजूर आणविले. १८३४ च्या २ नोव्हेंबरला कलकत्त्याहून आलेल्या ॲटलस जहाजाने हा ओघ सुरू केला. पुढच्या सुमारे पाऊणशे वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास माणसे पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरली. सर्वांत जास्त कलकत्त्याहून, त्याखालोखाल मद्रासहून आणि तिसऱ्या क्रमांकावर मुंबईहून. मुंबईहून गेलेल्यांत कोकणातली माणसे पुष्कळ. त्यांचे वंशज आजही तिथे मराठी म्हणवितात. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत मराठीचे शिक्षण मिळते, गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते, आणि त्या वेळी जे नाच-गाणे होते त्याला ते झाकरी म्हणतात. रत्नागिरीकडच्या श्रोत्यांना त्यात आपली जाखडी ओळखू येईल.

गिरमिट कसे होते ते पाहू. मुदत बहुधा पाच वर्षांची, मजुरी महिना ५ रुपये आणि शिधा. एका दिवसाचा खाडा झाला तर दोन दिवसांची मजुरी कापीत. आजारपणही खाड्यातच धरले जाई. मस्टर ज्यांनी पाहिले आहे त्यांना समजेल की, या हिशेबाने माणूस महिनाभर राबून महिन्याच्या शेवटी मालकाचाच देणेकरी निघू शकतो.

मुदत संपल्यावर तरी माणूस मोकळा व्हावा? मालकांना तेच नको होते. मुदत संपलेला मजूर भाजी पिकवील, फेरी करील किंवा जिथे चार आणे जास्त मिळतील तिथे जाईल. मग मजुरीचा दर वाढेल. ही वाढ थांबविण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे त्याला रस्त्यावरच येऊ न देणे. १८६७ मध्ये, सर हेन्री बार्क्ली गव्हर्नर असताना, एक कायदा करण्यात आला. गिरमिट संपलेल्या प्रत्येक हिंदी माणसाने स्वतःचे छायाचित्र लावलेला दाखला जवळ बाळगावा. शिवाय आपण कुठल्या जिल्ह्यात राहतो आणि काय काम करतो हे लिहिलेला पोलिसांचा पास बाळगावा. त्या जिल्ह्याबाहेर परवानगीशिवाय जाऊ नये. यातले काहीही कमी आढळले तर तो भटक्या ठरे, आणि त्याची रवानगी भटक्यांच्या कोठडीत होई. पोलिसांना कुठल्याही हिंदी माणसाला वाटेत थांबवून कागद मागण्याचा अधिकार होता. मजुरांच्या संरक्षणासाठी पोर्ट लुईला एक अधिकारी नेमलेला होता खरा. परंतु त्याच्याकडे तक्रार घेऊन जायचे तर आधी मळा सोडून रस्त्यावर यावे लागे, आणि तिथेच धरले जाण्याची भीती असे. ज्याने रस्ता बांधला त्याला त्या रस्त्यावर पाय टाकणे हाच गुन्हा झाला.

या अन्यायाविरुद्ध पहिले संघटित पाऊल पडले ते १८७१ मध्ये. आदोल्फ द प्लेव्हिट्झ हा पॅरिसमध्ये जन्मलेला, जर्मन घराण्यातला गृहस्थ मॉरिशसमध्ये सासऱ्याच्या मळ्याची व्यवस्था पाहात असे. मजुरांची दैना त्याने जवळून पाहिली. राजरत्नम मुदलियार या हिंदी गृहस्थाच्या साहाय्याने त्याने जुन्या गिरमिटियांचा अर्ज तयार केला. त्यावर ९,४०१ जणांच्या सह्या आणि निशाण्या होत्या. मी हा आकडा प्रथम वाचला तेव्हा पुस्तक मिटून काही वेळ तसाच बसलो. निवेदनावर सह्या गोळा करण्याचे काम मी तीस वर्षे केले आहे. मोकळ्या देशात, सभेला बंदी नसताना, हजार सह्या मिळविताना जोडे झिजतात. इथे तर एका जिल्ह्यातून दुसऱ्यात जाण्याची चोरी, बहुतेकांना अक्षरओळख नाही, आणि अंगठा उठविला हे मालकाला कळले तर पोटावर पाय. तरी नऊ हजारांवर माणसे पुढे आली. हे प्लेव्हिट्झच्या थोरवीइतकेच त्या निनावी माणसांच्या धैर्याचे काम आहे.

मळेवाले खवळले. पोर्ट लुईच्या रस्त्यात प्लेव्हिट्झवर चाबकाने हल्ला झाला. पुढे तो देश सोडून गेला. परंतु अर्ज लंडनला पोहोचला होता. १८७२ मध्ये शाही आयोग नेमला गेला. त्याचा अहवाल १८७५ मध्ये आला आणि मजुरांच्या तक्रारी बव्हंशी खऱ्या ठरल्या. १८७८ मध्ये नवा मजूर कायदा झाला. पासाचा जाच एकाएकी नाहीसा झाला नाही, पण सैल होऊ लागला.

इथे एक गोष्ट सांगून ठेवतो. ज्या छायाचित्रांनी माणसे पकडली जात, त्यांचा मोठा संग्रह आज महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवला आहे. आपल्या पूर्वजांचा शोध घेणारी कुटुंबे तिथे जातात. अनेकांना आपल्या पणजोबांचा चेहरा प्रथम दिसतो तो या पोलिसी दाखल्यावर. कपाळाला आठ्या, छातीशी क्रमांक. सहलीच्या बसचा ठरलेला थांबा तिथे नसतो. भाड्याची मोटार असली तर मोका वाटेतच आहे, अवश्य थांबावे.

दक्षिणेच्या सहलीत ग्राँ बासँचे तळे दाखवितात. त्याला आता गंगातलाव म्हणतात, आणि २००७ मध्ये उभारलेल्या १०८ फूट उंच शंकराच्या मूर्तीपुढे सर्वजण छायाचित्रे काढतात. मला तिथे वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. १८९८ मध्ये उत्तरेच्या त्रिओले गावातून काही हिंदू यात्रेकरू या तळ्यापर्यंत चालत आले. त्रिओले उत्तरेला, तळे दक्षिणेच्या डोंगरात. म्हणजे जवळजवळ सगळे बेट त्यांनी पायी ओलांडले. आज महाशिवरात्रीला लाखो लोक कावडी घेऊन त्याच वाटांनी चालतात. आपल्याकडील वारीचा अर्थ जाणणाऱ्यांना हे सांगणे नको की, अशा चालण्यात भक्तीबरोबरच एक निर्भयपणाही असतो. ज्यांच्या बापजाद्यांना जिल्ह्याची वेस ओलांडण्याची बंदी होती, ते उघड्या रस्त्याने हजारोंनी निघतात.

राजकीय जागृती याच सुमारास सुरू झाली. दक्षिण आफ्रिकेतून स्वदेशी येताना गांधीजी १९०१ मध्ये काही दिवस पोर्ट लुईला थांबले होते. मणिलाल डॉक्टर हे बडोद्याकडील बॅरिस्टर १९०७ मध्ये तिथे गेले, मजुरांचे खटले लढविले, १९०९ मध्ये ‘हिंदुस्थानी’ पत्र काढले. १९१० च्या सुमारास गिरमिटाची भरती थांबली. परंतु कामगारांची स्वतःची संघटना उभी राहण्यास आणखी पंचवीस वर्षे लागली.

पोर्ट लुईत शाँ द मार्स नावाचे घोड्यांच्या शर्यतीचे मैदान आहे. १८१२ पासून तिथे शर्यती होतात, म्हणून बसवाले ते मोठ्या अभिमानाने दाखवितात. त्याच मैदानावर १९३६ च्या फेब्रुवारीत डॉ. मोरिस क्युरे यांनी मजूर पक्षाची स्थापना केली. पुढच्याच वर्षी गिरण्यांनी उबा जातीच्या उसाचा भाव पंधरा टक्क्यांनी पाडला आणि लहान शेतकरी व मजूर रस्त्यावर आले. १३ ऑगस्ट १९३७ रोजी युनियन फ्लाक येथे गिरणीच्या बाजूने गोळीबार झाला आणि चार माणसे ठार झाली. ती गिरणी हिंदी वंशाच्या मालकांची होती, हे मी मुद्दाम सांगतो. रक्ताचे नाते मजुरीच्या हिशेबात फारसे टिकत नाही, हा अनुभव आम्हां कामगारांना नवा नाही. १९३८ मध्ये संघटनेला कायद्याची मान्यता मिळाली. त्याच वर्षी याच मैदानावर पहिला मे दिन साजरा झाला. आणि सप्टेंबरात गोदी कामगारांनी संप करताच एमॅन्युएल आंक्तिल या पुढाऱ्याला दूरच्या रॉड्रिग्ज बेटावर हद्दपार करण्यात आले. २७ सप्टेंबर १९४३ रोजी उत्तरेला बेल व्यू हारेल येथे जमलेल्या मळेमजुरांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. चार जणांचा बळी गेला. त्यांतली अंजले कूपेन ही तरुण स्त्री गरोदर होती. उत्तरेच्या रस्त्याने जाताना बेल व्यूचे क्रीडांगण लागते, त्याला तिचे नाव दिले आहे.

या बलिदानांनंतर मताचा हक्क आला. १९४८ च्या निवडणुकीत साधी वाक्ये लिहिता-वाचता येणाऱ्याला मत मिळाले, आणि मतदारांची संख्या सुमारे १२ हजारांवरून सुमारे ७२ हजारांवर गेली. १२ मार्च १९६८ रोजी त्याच शर्यतीच्या मैदानावर स्वतंत्र मॉरिशसचा ध्वज चढला, आणि मजूर पक्षाचे शिवसागर रामगुलाम पंतप्रधान झाले.

इथे गोष्ट संपविली तर टाळ्या मिळतील, पण ते अर्धसत्य होईल. १९७१ मध्ये बसकामगार आणि गोदी कामगार संपावर गेले. तेव्हा त्याच मजूर पक्षाच्या सरकारने डिसेंबरात आणीबाणी पुकारली, पुढाऱ्यांना तुरुंगात टाकले, आणि निवडणुका १९७६ पर्यंत लांबल्या. १९७३ मध्ये असा कायदा झाला की, कायदेशीर संप करणे जवळजवळ अशक्य व्हावे. तो २००८ मध्ये बदलला गेला. आपली माणसे सत्तेवर आली म्हणजे हक्क आपोआप सुरक्षित राहतात, या समजुतीला इतिहासात आधार नाही.

परंतु जे मिळाले तेही नाकारू नये. आगगाडी बेटावर १८६४ मध्ये आली होती. तिची उतारू-वाहतूक १९५६ मध्ये आणि मालवाहतूक १९६४ मध्ये बंद झाली. आता पोर्ट लुईपासून क्युरपिपपर्यंत, पुष्कळशी त्या जुन्या मार्गानेच, विजेची हलकी रेल्वे धावते. ती आपल्या मुंबईच्या लार्सन अँड टुब्रो कंपनीने बांधली. आणि २००५ पासून त्या देशात वृद्धांना व विद्यार्थ्यांना बसप्रवास मोफत आहे. ज्या बेटावर १८६७ मध्ये म्हाताऱ्या गिरमिटियाला जिल्हा ओलांडायला पास लागत असे, तिथे त्याची पणती एक पैसा न देता सबंध बेट हिंडते. याहून मोठे स्मारक मला त्या देशात दिसले नाही.

शेवटचा मुद्दा आजचा आहे. मॉरिशसच्या कापड गिरण्यांत, बांधकामांवर आणि हॉटेलांत आज बांगलादेश, भारत, नेपाळ, मादागास्कर येथून आलेले हजारो कामगार आहेत. त्यांचा कामाचा परवाना मालकाने काढलेला असतो आणि त्याच मालकाच्या कामाशी बांधलेला असतो. ते काम सुटले की देशात राहण्याचा आधारच डळमळतो. चाबूक नाही, कोठडी नाही, मजुरीही पूर्वीसारखी नाही. तरीही मालक बदलण्याची मोकळीक नसलेला माणूस भाव करू शकत नाही, हे १८६७ चे गणित अजून चुकलेले नाही. पूर्वजांचे दाखले आदराने जपणाऱ्या राष्ट्राने हे इतरांपेक्षा आधी ओळखावे, अशी अपेक्षा करणे गैर होणार नाही. आणि आपल्या देशातही, उसाच्या फडापासून शहरातल्या बांधकामापर्यंत, उचल घेऊन बांधला गेलेला मजूर आपण रोज पाहतो.

म्हणून मॉरिशसला जाणाऱ्यांना माझी एवढीच विनंती आहे. समुद्र पाहा, तळे पाहा, रंगीत माती पाहा. पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावरही जा. २००६ पासून तो जागतिक वारसा आहे, आणि आपली माणसे जिथून वर चढली त्या दगडी पायऱ्या तिथे आहेत. मग बसमध्ये बसल्यावर हमरस्त्याकडे थोडे लक्ष द्या. चालकाला त्याचे तास आणि त्याची मजुरी विचारा. तो आनंदाने सांगेल, कारण हे कोणी विचारीत नाही. रस्ता बांधणाऱ्याला, वाहन हाकणाऱ्याला आणि आत बसणाऱ्याला सारख्याच मोकळेपणाने त्या रस्त्यावरून जाता येते की नाही, यावरून देश किती पुढे गेला ते ठरते. मॉरिशसने त्यातला मोठा पल्ला गाठला आहे, आणि तो नऊ हजार अंगठ्यांनी सुरू केला होता.